राखोलीच्या नाल्यातला फेस

शैलजा सिल्वासाजवळच्या राखोलीतल्या शाम्पू कारखान्यात लागली ती प्रभाकर सरांच्या शब्दावर. रत्नागिरीच्या कॉलेजात त्यांनी तिला रसायनशास्त्र शिकवलं होतं. पुढे प्राध्यापकी सोडून ते या कारखान्यात मॅनेजर झाले आणि त्र्याण्णव साली त्यांनी तिला बोलावून घेतलं. वडील नसलेली मुलगी इतक्या लांब पाठवायला आई कचरत होती. सर स्वतः घरी आले. "वहिनी, माझ्या घरची समजून नेतोय," म्हणाले. सिल्वासात खोली मिळेपर्यंत तिला त्यांनी आपल्याच घरी ठेवून घेतलं. ताटात काय वाढलंय हेही ते बघत.

काम तिच्या आवडीचं होतं. कंपनीला नव्या शाम्पूच्या जाहिरातीत 'नदीला निरुपद्रवी' असं छापायचं होतं आणि बाहेरदेशची गिऱ्हाइकं त्याचा पुरावा मागत होती. शाम्पू बनताना आणि पिंपं धुताना जे पाणी बाहेर पडतं, त्यानं दमणगंगेचं काय होतं, ते शैलजानं मोजायचं. सांडपाणी साफ करायच्या टाकीमागे भिंतीला एक नळ होता. "साफ झालेलं पाणी इथं येतं, नमुना इथूनच घ्यायचा," असं सरांनी तिला सांगितलं होतं. त्या पाण्यात साबणाचा अंश किती, प्राणवायू किती, हे ती काढायची. आकडे दर वेळी उत्तम यायचे. अहवालाखाली सही करताना ते आपले आहेत याचा तिला अभिमान वाटे.

नदीवर मात्र फेस दिसायचा. तिनं विचारलं तेव्हा सर हसले. "वरच्या अंगाला कापड रंगवणारे आहेत ना, त्यांचा उद्योग. तुझी बाटली काय सांगते ते बघ." बाटली तर स्वच्छच होती.

कारखान्यामागच्या चाळीत मंजुळाबाई राहायची. धुळ्याकडची. नवरा चिंधा पॅकिंगला होता. जाता-येता ती शैलजाला हाक मारून चहा पाजायची. एकदा तिनं आपल्या सरिताचे हात पुढे केले. पोरीच्या कोपरापर्यंत लाल चट्टे उठले होते.

"ताई, नदीवर धुनं धुते ना ही, तेच्यानं तर नाई? चाळीतल्या बाया म्हनतात, तुमच्या कंपनीचं पानी खराब शे."

"नाही हो मंजुळाबाई. ते पाणी मी स्वतः तपासते. खुशाल जाऊ दे तिला."

"तुमी म्हनता तं मंग झालं," मंजुळाबाई म्हणाली आणि त्याच संध्याकाळी तिनं बाकीच्या बायकांनाही तसं सांगितलं.

वैशाखात एका दुपारी शैलजा नमुना घ्यायला गेली असताना लाइट गेली. कारखान्याचा जनरेटर लगेच धडधडू लागला, आत पिंपं धुण्याचं काम चालूच राहिलं. पण तिच्या हातातल्या बाटलीत पडणारी धार बारीक झाली आणि थांबली. भिंतीपलीकडून तर पाणी कोसळल्याचा आवाज स्पष्ट येत होता. टाकीतून पाणी पडतंय, मग नळाला का नाही? ती नळाच्या पाइपामागून चालत गेली. पाइप टाकीकडे वळलाच नव्हता. भिंतीच्या कडेनं तो सरळ बागेतल्या बोअरवेलच्या, लाइट जाताच बंद पडलेल्या पंपाला जाऊन मिळाला होता.

ती मागच्या दारानं बाहेर पडली. झुडपांच्या आडून एक मोठा पाइप नाल्यात सुटला होता. पाणी दुधासारखं पांढरं होतं आणि त्याला शाम्पूचा तोच गोड वास होता. नाला पुढं नदीला मिळत होता. तिथंच बायकांचे धुण्याचे दगड होते.

नाल्याचं पाणी बाटलीत भरून तिनं तपासलं आणि ती बाटली घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेली. त्यांनी बाटलीकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं.

"बस. पाणी घे."

"सर, तुम्हाला माहीत होतं?"

"शैलजा, टाकी चालवायला किती वीज लागते, कल्पना आहे? हळूहळू करणारच होतो."

"मग मला कशाला आणलंत?"

"तुझ्यावर लोक विश्वास ठेवतात म्हणून," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच मायेचा होता. तिनं बाटली उचलली आणि ती बाहेर पडली.

प्रदूषण तपासणाऱ्या कचेरीत तिनं तक्रार दिली. तिथले साहेब कारखान्यावर आले तेव्हा गेटवर चाळीतले लोक जमले होते. तिला वाटलं होतं, आता तरी सर मान खाली घालतील. ते साहेबांना म्हणाले, "या बाईंची तब्येत हल्ली बरी नसते. आजवरच्या प्रत्येक तपासणीवर यांचीच सही आहे. विचारा."

"सही तुमचीच?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"म्हणजे तेव्हा खोटं लिहिलंत, की आता बोलताय?"

ज्या माणसाच्या शब्दावर शैलजानं सही केली होती, तोच ती सही तिच्यावर उगारून उभा होता. तेवढ्यात मंजुळाबाई गर्दीतून पुढं आली. तिनं सरिताचा हात धरून साहेबांसमोर केला आणि म्हणाली, "सह्या मंग बघा. पहिले नाल्यावर चला." चिंधा तिला मागं ओढत होता, त्याची नोकरी होती. ती थांबली नाही. बायका तिच्यामागून निघाल्या आणि साहेबांना जावंच लागलं. त्यांनी स्वतःच्या हातानं नाल्यातून बाटली भरली.

कारखान्याला नोटीस लागली. टाकी खरोखर चालू झाली, नाला पुष्कळसा निवळला. चिंधाला मात्र कामावरून काढलं. शैलजानं राजीनामा दिला आणि सिल्वासातल्या एका शाळेत ती शिकवू लागली. शाम्पू 'नदीला निरुपद्रवी' म्हणूनच बाजारात आला, तिच्याच आकड्यांच्या आधारानं.

मंजुळाबाईचं कुटुंब चाळ सोडून धुळ्याला परतायच्या आदल्या दिवशी शैलजा तिच्याकडे गेली. सामान बांधून झालं होतं.

"मलाही फसवलं हो सरांनी," शैलजा म्हणाली.

"माहीत शे ताई." मंजुळाबाई गाठोड्याची गाठ आवळत होती. "पन आमाले तुमच्या मॅनेजर साहेबानं नाई सांगितलं. तुमी सांगितलं."

ती रागावून बोलली नव्हती. चहाला बस मात्र म्हणाली नाही. शैलजा थोडा वेळ दारात उभी राहिली, सरिताच्या डोक्यावरून हात फिरवावा असं तिच्या मनात आलं, पण पोर आईच्या मागं सरकली होती.