मेबलच्या मागे मागे

डेलमर किसिंजरनं सासूला विचारलं होतं ते केवळ रीत म्हणून. "कुत्र्यांना घेऊन टेनेसीला निघालोय. येताय का?" सासू, म्हणजे व्हर्ना, त्याच्या आरव्हीला, त्या राहायची सोय असलेल्या मोठ्या गाडीला, "चाकं लावलेलं खुराडं" म्हणायची आणि कुत्र्याला चुकून हात लागला तरी साबणानं धुवायची, तेव्हा ती नाहीच म्हणणार याची त्याला खात्री होती. पण फोनवर ती म्हणाली, "खिडकीजवळची जागा माझी."

दोघांच्या मधली बाई, म्हणजे त्याची बायको आणि तिची मुलगी कोरीन, गेल्या थंडीत गेली. आरव्ही तिनंच हट्टानं घ्यायला लावली होती, दोन्ही कुत्री तिनंच आणली होती आणि टेनेसीतलं, अमेरिकेच्या यादवी युद्धातलं शायलोचं रणांगण पाहायचं तिच्याच मनात होतं. तिच्या वडिलांकडचा कुणी खापरपणजोबा इंडियाना राज्याच्या पलटणीतून तिथं लढला होता आणि परत आला नव्हता. आता ती नाही, तर आपण तरी पाहून यावं, असं डेलमरला वाटलं.

प्रवासात दोघं फारसं बोलली नाहीत. बोलली ती टोमणे मारायलाच.

"एवढं मीठ? माझ्या विम्याचे पैसे तुला मिळणार नाहीत, सांगून ठेवते."

"मग बटाटे तुम्ही करा."

"करू दिलेस तर ना!"

मागच्या पलंगावर कुत्री लोळत असायची. मेबल ही म्हातारी, गोलमटोल बीगल, ठार बहिरी. बँजो दोन वर्षांचा, लांब तंगड्यांचा, बेवारस कुत्र्यांच्या आसऱ्यातून आणलेला. ढग गडगडले की हा कोरीनच्या मांडीत तोंड खुपसायचा. ती गेल्यापासून टेबलाखाली जाऊन बसायचा.

शायलोला पोचले तो एप्रिलमधला शनिवार होता. पीचच्या बागेला गुलाबी बहर आला होता. मैदानावर हौशी मंडळी निळे जुने गणवेश घालून लोकांना तोफ कशी डागायची ते दाखवत होती. डेलमरनं व्हर्नासाठी घडीची खुर्ची मांडली, दोन्ही कुत्र्यांचे पट्टे हातात धरले आणि माहितीचा फलक मोठ्यानं वाचायला लागला.

"मला वाचता येतं," व्हर्ना म्हणाली.

तेवढ्यात तोफ उडाली. आवाज छातीत बसला. बँजोनं उलटा हिसका दिला, मान गळपट्ट्यातून सोडवून घेतली आणि झाडीत दिसेनासा झाला. मेबल उन्हात पसरली होती. तिनं कानसुद्धा हलवला नाही.

"तुम्ही इथंच बसा, हलू नका!" मेबलचा पट्टा व्हर्नाच्या हातात कोंबून डेलमर धावला. "बँजो! बँजो!" त्याचा आवाज दूर दूर जात राहिला.

व्हर्ना बसून राहिली. रिकामा गळपट्टा गवतात पडला होता. थोड्या वेळानं मेबल उठली, तिनं तो हुंगला, मग जमीन हुंगली आणि डेलमर गेला त्याच्या बरोबर उलट्या दिशेला ओढ घेतली.

"अगं ए! आपल्याला बसायला सांगितलंय." मेबलनं पुन्हा ओढलं. "बहिरीला काय सांगणार म्हणा," असं पुटपुटत व्हर्नानं काठी टेकली आणि उठली.

दोघींची चाल सारखीच होती. दहा पावलांवर मेबल थांबायची, नाक जमिनीला लावायची. तेवढ्यात व्हर्ना दम घ्यायची. पीचच्या झाडांखालून, जुन्या तोफांच्या ओळीमागून, मग ओल्या पाचोळ्यातून. लढाईत ज्याचं पाणी लाल झालं म्हणतात, त्या तळ्यापलीकडे एक मोठा ओंडका पडला होता. मेबल त्याच्यापाशी गेली आणि शेपटी हलवत उभी राहिली. ओंडक्याखालच्या खळग्यात बँजो थरथरत होता. काही केल्या बाहेर येईना.

व्हर्नानं इकडेतिकडे पाहिलं. जवळ कुणी नव्हतं. मग काठीच्या आधारानं ती हळूहळू खाली बसली, थेट चिखलात.

डेलमर घसा बसेपर्यंत हिंडला. परत येऊन पाहतो तर खुर्ची रिकामी! गणवेशातला एक माणूस म्हणाला, "आजीबाई ना? तळ्याकडे गेल्या, कुत्र्याच्या मागे." डेलमर संतापून तिकडे निघाला. एकाला शोधायचं की तिघांना! काय काय बोलायचं ते त्यानं वाटेत जुळवून ठेवलं होतं. पण तळ्याजवळ त्याला आवाज ऐकू आला आणि त्याचे पाय थांबले.

"झालं हं, झालं. नुसता आवाज होता तो. आवाज काही चावत नाही."

शब्द न् शब्द कोरीनचा. गडगडाट झाला की बँजोचे कान दाबून धरून ती हेच म्हणायची, याच सुरात. ते तिला कुणी शिकवलं असेल, हा विचार डेलमरच्या मनात कधी आलाच नव्हता.

व्हर्नाच्या मांडीवर बँजोचं डोकं होतं. तिचा रविवारी चर्चला घालायचा कोट चिखलानं माखला होता.

"मी बसायला सांगितलं होतं ना?" डेलमर पुढे येत म्हणाला.

"बसलेच आहे की." मग जरा खाली मान घालून, "उठता येत नाहीये मला."

डेलमर तिच्या शेजारी चिखलातच बसला. मेबल दोघांच्या पायांवर आडवी झाली. तळ्यावर पाकळ्या तरंगत होत्या.

"कोरीनच्या आजारपणात शेवटी शेवटी तू मला खोलीबाहेर पाठवायचास," व्हर्ना बँजोकडे बघत म्हणाली. "कॉफी आणा, फुलांना पाणी घाला. आईला बाहेर घालवतो, असा कसा हा माणूस, म्हणून तुझा राग होता मला."

डेलमर मेबलची पाठ थोपटत म्हणाला, "तीच म्हणायची. आईसमोर रडता येत नाही मला, तिला जरा बाहेर ने. आणि तिला सांगू नकोस."

"आणि तू सांगितलं नाहीस."

"तिचं न ऐकून भागायचं का कधी?"

"नाही," व्हर्ना म्हणाली. हसायला लागली ती, आणि हसता हसता तिचा चेहरा चुरगळला. डेलमरनं खिशातून रुमाल काढला. तो कुत्र्यांचं तोंड पुसायचा होता. तिनं तसाच घेतला.

तिला उठवायला त्या गणवेशवाल्याला हाक मारावी लागली. मग दोघं कुत्र्यांना घेऊन इंडियानाच्या पलटणीच्या स्मारकाचा दगड शोधायला गेली. त्यावर पलटणीचा आकडा होता, खापरपणजोबाचं नाव नव्हतं. तरीही व्हर्नानं हातमोजा काढला आणि दगडावर हात ठेवला. "कोरीनला आवडलं असतं," ती म्हणाली. "तिनं इथं तासभर आपल्याला हलू दिलं नसतं." डेलमर म्हणाला, "मग थांबू या तासभर." आणि ते थांबले.

तिथून घरी परतायचा बेत होता, पण ते आणखी दक्षिणेला, त्याच युद्धातल्या व्हिक्सबर्गच्या रणांगणापर्यंत गेले. घरी पोचले तेव्हा मे महिना लागला होता. डेलमरनं व्हर्नाला तिच्या दारात उतरवलं, पिशव्या आत नेऊन ठेवल्या. निघताना ती म्हणाली, "रविवारी जेवायला ये. त्या दोघांना घेऊन ये, नाहीतर येऊच नकोस."