बसल्या जागचा पगार

कारखान्यात भरपगारी सुट्टी सुरू झाली तेव्हा मला आनंद झाला नाही. भीती वाटली. आजच्या पोरांना हे सांगितलं तर हसतात, म्हणून जसं घडलं तसं लिहितो.

शिरूरच्या बाहेर नगर रस्त्याला साहेबराव मालकांचा सिमेंटच्या पाइपांचा कारखाना होता. मोठ्या दुष्काळाला दोन-तीन वर्षं झाली होती. जो तो नदीचं पाणी रानात न्यायच्या मागे, त्यामुळे पाइपांना मागणी फार. नवे पाइप हौदात बुडवून ठेवायचे आणि हौदाचं पाणी उतरू द्यायचं नाही, हे माझं काम. रोजंदारी होती. भोंगा झाला की हातपाय धुवायचे आणि घरी जायचं. त्यानंतर मला कुणाची हाक यायची नाही. या एका गोष्टीसाठी मला ते काम जिवापाड आवडायचं.

एकदा सरकारी तपासनीस येऊन गेले. दुसऱ्या दिवशी मालकांनी आम्हाला हौदापाशी गोळा केलं आणि कारकुनाला वाचायला सांगितलं. ज्यानं वर्षभर हजेरी भरली त्याला सुट्टी मिळणार, आणि सुट्टीत पगार चालू राहणार.

मग सिमेंटचा माल कालवणारा आण्णा म्हणाला, "म्हंजी घरी लोळायचं आन् पगार घ्यायचा? मग आम्ही कामगार का मालकाचं जावई?"

सगळे हसले. मालकही हसले. म्हणाले, "जावई न्हाई रे, घरचीच माणसं हाय तुम्ही."

हे शब्द मी आधी ऐकले होते.

केंदूरला, आमच्या गावी, आमच्या घराकडं येसकरकीची, म्हणजे गावाची राखण करायची आणि सांगावे पोचवायची, पाळी असायची. सुगीला गाव दाणे द्यायचं, संध्याकाळी दारोदार भाकर मिळायची. 'तुम्ही गावचीच माणसं,' असं म्हणायचे. त्या भाकरीला कामाचा हिशेब नव्हता, म्हणून हाकेलाही वेळ नव्हती. चांगुणाला, माझ्या बायकोला, पहिल्या खेपेच्या कळा सुरू झाल्या आणि तेवढ्यात दारात हाक आली. पाटलाच्या वाड्यात कुणी वारलं होतं. पाबळच्या पाहुण्यांना सांगावा द्यायचा होता. मी हात जोडले. "बाईचं बाया बघतील. गावाचं खातोस न्हवं?" असं उत्तर आलं. मी गेलो. परत आलो तेव्हा पोर पुरून झालं होतं आणि चांगुणा भिंतीकडं तोंड करून पडली होती.

पुढं येसकरकी सुटली, धर्म बदलला, आम्ही शिरूरला आलो. पण काम न करता हातात पडलेली भाकर माणसाला बांधून टाकते, हे माझ्या हाडात बसलं होतं. म्हणून ती सुट्टी मी मागितली नाही. दुसऱ्याही कुणी मागितली नाही. प्रत्येकाची भीती वेगळी होती. कुणाला वाटायचं, आपण घरी बसलो की आपल्या जागी दुसरा घेतील.

उन्हाळ्यात माझा जावई बन्सी दौंडहून आला. तो रेल्वेत खलाशी, रुळांच्या कामावर. लेक कस्तुराचे दिवस भरत आले होते आणि चांगुणा आधीच तिच्याकडं गेली होती.

"मामा, तुम्ही चला," बन्सी म्हणाला. "डॉक्टरीणबाई म्हणत्यात, मूल आडवं हाय. कळा आल्या की लगोलग टांग्यात घालून दवाखान्यात न्यायची. मामी एकटी काय करंल? माझी रजा वाट बघण्यातच संपली. आता लाइनवर जावं लागतंय."

"खाडा करून येतो."

"खाडा कशाला? तुमच्याकडं पगारी सुट्टी निघालीया म्हणं."

"ती नको. बसून पगार खाल्ला की माणूस बांधला जातो."

"मी खाल्ला की आठ दिवस! कुठं दावं दिसतंय का माझ्या गळ्यात?" बन्सीनं मान पुढं केली. मग त्याचा आवाज उतरला. "मामा, ही चावडी न्हाई. आन् खाडा केलात, तर गेटवर रोज नवी माणसं उभी असत्यात. परत घेतील का तुम्हाला?"

खाडा केला तर काम जाणार, सुट्टी घेतली तर मी बांधला जाणार, आणि दौंडला गेलो नाही तर लेक. मी कारकुनाकडं जाऊन सुट्टी मागितली. त्यानं विचारलं, "कुठं जाणार?" मी म्हणालो, "दौंडला, रेल्वेच्या चाळीत, लेकीकडं." बाहेर आलो आणि वाटेतच थांबलो. ठिकाण कशाला सांगितलं मी? आता त्यांना हाक कुठं मारायची ते ठाऊक झालं होतं.

बन्सी लाइनवर गेला. मी दौंडला खोलीच्या आत, दारापासून लांब बसून राहायचो. रस्त्यावर मोटार थांबली की श्वास धरायचो. चांगुणा म्हणायची, "अवं, उन्हात बसत न्हाई ते ठीक, पण दारापाशी तरी बसा. वारा येतोय." मी उठायचो नाही. तिनं पुढं कधी आग्रह केला नाही. तिला कळलं होतं.

आणि एका दुपारी जीप आलीच. कस्तुराला सकाळपासून कंबरेत चमका निघत होत्या. चांगुणा तिची पाठ चोळत होती.

"ए भिमा! भिमाजी हाय का?"

आवाज मच्छिंद्रचा होता. तो कारखान्यावरचा मुकादम, मूळचा केंदूरचाच, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. आवाज कानावर पडला आणि माझं अंग आपोआप उभं राहिलं. मी उठायचं ठरवलं नव्हतं. तोंडात 'जी' आलेलं होतं. चांगुणानं माझं धोतर धरून मला खाली बसवलं आणि स्वतः दारात गेली.

"घरात न्हाईत ते. काय काम हुतं?"

"मालकाच्या लेकीचं लगीन हाय उद्या. सोलापूरकडनं पाहुणं गाडीनं यायलेत, त्यांना न्यायला आलोय. जाता जाता भिमाला घेऊन जातो. मांडवात पाणी भराया माणूस न्हाई. बाकीची समदी कामावर हायेत, ह्योच तेवढा रिकामा."

"सुट्टीवर हायेत न्हवं ते?"

"मग? कारखान्याचं काम थोडंच हाय? घरचं कार्य हाय. सुट्टी कुठं मोडतीया? आन् पगार तर चालूच हाय की!" तो मोकळेपणानं हसला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, तेच मला जास्त भयानक वाटलं. "आला की स्टेशनावर धाड त्याला. गाडीला उशीर हाय. न्हाई आला तर मीच येतो परत."

जीप गेली. चांगुणा आत आली तेव्हा तिचं तोंड पांढरं पडलं होतं. ती काही बोलायच्या आत कस्तुरा ओरडली, "आबा!" आणि तिनं भिंत धरली. कळा सुरू झाल्या होत्या.

टांगे उभे राहायचे ते स्टेशनासमोरच. दुसरीकडं टांगा मिळणार नव्हता.

मी निघालो. डोक्याचं फडकं पुढं ओढून घेतलं. रुळांच्या कडेकडेनं, खोक्यांच्या आडोशानं, चोरासारखा गेलो. ऊन इतकं होतं की रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि म्हणूनच मी लांबून दिसत होतो. जीप लिंबाखाली उभी होती. मच्छिंद्र बॉनेटला टेकून उसाचा रस पीत होता. मी त्याच्याकडं न बघता टांगेवाल्याला म्हणालो, "रेल्वेची चाळ, तिथनं दवाखाना. बाई बाळंत व्हायला आलीया, चल लवकर."

"अरं भिमा! बरा सापडलास. चल, बस."

मी टांग्याच्या पायरीवर एक पाय ठेवला होता.

"लेकीला दवाखान्यात न्यायचीय," मी म्हणालो.

"तुझी बाई हाय की. बाया बघतील. उद्या रातच्याला आणून सोडतो तुला."

बाया बघतील. माझ्या कानात नुसता घूं आवाज भरला. मला वाटलं आता मी खाली उतरणार, जीपच्या मागं बसणार, आणि मला ते थांबवता येणार नाही.

"न्हाई येत मी," असं कुणीतरी म्हणालं. ते मीच म्हणालो होतो.

"काय?"

"सुट्टी हाय माझी."

"सुट्टीचा पगार कोण देतंय रं? तुझा बाप?"

"वरीसभर हौदावर राबलो मी, त्याचा हाय त्यो." माझा आवाज बकरीसारखा निघत होता. "तुमचं काय ऱ्हायलं न्हाई माझ्याकडं."

मच्छिंद्रनं ग्लास खाली ठेवला. तो पुढं येईल, मला दंडाला धरील असं वाटलं. पण टांगेवाला बघत होता, हमाल बघत होते. तो हळू आवाजात म्हणाला, "बरं. कामावर येशीलच की. मग बघू." टांगा हलला. चाळ येईपर्यंत मी मान मागं वळवली नाही. मागून जीप येतेय असं सारखं वाटत राहिलं.

कस्तुराला वेळेवर पोचवलं. पोट फाडून मूल काढावं लागलं. मुलगी झाली, दोघी वाचल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं. चांगुणा व्हरांड्यात माझ्याशेजारी बसून रडली. मला रडूही येईना. मी फाटकाकडं बघत होतो.

सुट्टी संपल्यावर शिरूरला आलो. गेटवर पोचेपर्यंत दोनदा मागं फिरलो. मच्छिंद्रनं मला आत घेतलं, पण हौदावर नाही, खडी फोडायच्या जागी धाडलं. दुपारी मालक बाजूनं गेले. थांबले. मी हातोडी खाली ठेवून उभा राहिलो. त्यांनी बराच वेळ माझ्याकडं पाहिलं आणि काही न बोलता निघून गेले. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

पगाराच्या दिवशी सुट्टीचे पैसे आले, पुरे आले. मी ते मोजून घेतले.

बाहेर आण्णा वाट बघत होता. "काय म्हणालं मालक?"

"काय न्हाई."

"खाल्लं न्हाई तुला?"

"अजून तरी न्हाई."

तो दाढी खाजवत उभा राहिला. त्याच्या भावकीत लगीन होतं, मला माहीत होतं. शेवटी म्हणाला, "मी जातो मागायला सुट्टी. तू दाराशी हुबा ऱ्हा. मला एकट्याला भ्या वाटतंय."

मलाही वाटत होतं. आम्ही दोघं कचेरीकडं गेलो. तो आत गेला आणि मी दाराशी उभा राहिलो.