उकळलेलं पाणी

"किटली मी ठेवतो," म्हणत वॉशिंग्टन खुर्चीतून अर्धा उठलाही होता.

"तू बस," ग्रिसेल्दा म्हणाली. "घर माझं आहे."

साल्तो शहरात ज्याचं घर त्यानेच येर्बा, म्हणजे कडवट पाल्याचा चहा, पाजायची. सुक्या भोपळ्याचा एक तुंबा, त्यात एक नळी आणि पाणी ओतणारं एकच माणूस. तुंबा त्याच्या हातून फिरतो आणि दर वेळी त्याच्याच हातात परत येतो. अजून हवी असेल तर मुकाट्याने परत द्यायचा. 'आभार' म्हटलं की माझं झालं, पुढच्या फेरीत मला धरू नका. एवढंसं काम, पण तिच्या माहेरी, बुर्गेन्योंच्या घरात, तीस वर्षांत कुणी ते ग्रिसेल्दाच्या हाती लागू दिलं नव्हतं. येर्बाला उकळलेलं पाणी चालत नाही, पाला करपतो. किटली गुणगुणायला लागली की उतरवावी लागते. आणि ग्रिसेल्दा किटली ठेवून दुसऱ्या खोलीत गेली की तिथलीच होऊन जायची. तीन किटल्यांची बुडं तिने आजवर जाळली होती.

आज तिने किटली ठेवली आणि भावासमोर येऊन बसली. टेबलावर त्याने आणलेलं माहितीपत्रक होतं. मॉन्टेव्हिडिओतला वृद्धाश्रम, बाग, नर्स, रविवारी गाण्याचा कार्यक्रम.

"मंगळवारपर्यंत कळवायचंय," वॉशिंग्टन म्हणाला. "जागा धरून ठेवलीय त्यांनी."

"आई इथेच बसलीय. तिच्याशी बोल."

खिडकीजवळ आई, दोन्या सुल्मा, पाय स्टुलावर ठेवून शाळेच्या पांढऱ्या झग्यांना बटणं लावत होत्या. मार्चमध्ये शाळा उघडायच्या आणि ग्रिसेल्दाकडे अजून साठ झगे शिवायचे होते. तीन आठवड्यांपूर्वी त्या स्वतःच्या घरी पडल्या, कमरेच्या हाडाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून त्या लेकीकडे होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"तिला काय विचारायचं? ती तुझं मन मोडणार नाही," वॉशिंग्टन म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. दर महिन्याला औषधं पाठवायचा, रोज फोन करायचा. पण बहिणीचं नाव निघालं की त्याच्या डोळ्यांपुढे जळकी किटलीच यायची. "ग्रीस, खरं सांग. तुला साधी किटली सांभाळता येत नाही. आई कशी सांभाळशील?"

हा प्रश्न ती आयुष्यभर वेगवेगळ्या तोंडांतून ऐकत आली होती. शिक्षिकेचा अभ्यासक्रम दोन वर्षांत सोडला तेव्हा, बेकरीतली नोकरी गेली तेव्हा, 'तू घरात असून नसतेस' म्हणत नवरा निघून गेला तेव्हा. आई म्हणायची, हिच्या डोक्यात पाखरं आहेत. दर वेळी ग्रिसेल्दा माफी मागायची आणि उद्यापासून नीट वागेन म्हणायची. तो उद्या काही कधी उजाडला नाही. एक्कावन्न वर्षांची होईपर्यंत आपण आळशी आणि बेजबाबदार आहोत, यावर तिचा पक्का विश्वास बसला होता.

गेल्या हिवाळ्यात मुलीला, आब्रीलला, शाळेने तपासणीसाठी पाठवलं. डॉक्टरीणबाई मुलीला एकेक प्रश्न विचारत होत्या आणि उत्तरं आईच देत होती. वस्तू हरवतात? हो. वाचता वाचता पान संपतं आणि काहीच कळलेलं नसतं? हो हो. शेवटी बाईंनी पेन खाली ठेवलं. "सेन्योरा, आपण नक्की कोणाबद्दल बोलतोय?" दोन महिन्यांनी ग्रिसेल्दाच्या नावाचा निदानाचा कागद आला, एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकणं. तो घेऊन ती बस थांब्यावर बसली आणि पोटभर रडली. दोन बस सोडल्या. दुःख होतंच, इतकी वर्षं फुकट गेल्याचं. पण त्याहून मोठं काहीतरी होतं, पाठीवरचं पोतं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं.

"वॉशिंग्टन, मला जे आहे ते तुला फोनवर सांगितलं होतं," ती आता म्हणाली.

"हो गं. हल्ली सगळ्यांनाच असतं ते."

"सगळ्यांचं मला माहीत नाही, माझं सांगते. मी विसरते, यापुढेही विसरणार. गोळ्या घेते, थोडा फरक पडतो, पण पाखरं काही उडून गेली नाहीत. म्हणून मी घर माझ्यासारखं करून घेतलंय." तिने हात फिरवून दाखवलं. कात्री मशीनला दोरीने बांधलेली. कपाटाला दारं नाहीत, दिसेनासं झालं की संपलंच. बाहेरच्या दारावर लाल रंगात, चाव्या, चष्मा, गॅस. आईच्या औषधांची सात कप्प्यांची डबी चक्क आरशाला चिकटवलेली. "तीन आठवड्यांत एकदा संध्याकाळची गोळी चाळीस मिनिटं उशिरा दिली. वहीत लिहिलंय, बघ हवं तर. बाकी एकही चुकली नाही."

"आणि पुन्हा पडली तर?"

"पडली तेव्हा धावत कोण गेलं? ॲम्ब्युलन्स मीच बोलावली, कागद मीच घेतले, रक्तदाबाच्या गोळीचं नाव मीच सांगितलं. चार मिनिटांत."

"एका पायात चप्पल घालून आली होती ही," खिडकीतून दोन्या सुल्मा म्हणाल्या. "दुसरी अजून सापडली नाही."

वॉशिंग्टनला हसू आलं, पण त्याने ते दाबलं. ग्रिसेल्दा पुढे सांगू लागली. फिजिओथेरपीचे वार, आब्रील नदीत पोहून आली की आजीला अंगणात चालवते ते, न्हाणीघरात बसवलेला दांडा. ती रंगात आली होती. इतकं मोकळं ती भावाशी कधीच बोलली नव्हती.

आणि स्वयंपाकघरातून खदखद ऐकू आली.

झाकण थडथडत होतं. ग्रिसेल्दाचा हात गळ्याकडे गेला. तिथे निळ्या रिबनीत छोटं गजराचं घड्याळ होतं. शाळेच्या झग्याला निळा बो लागतो, त्यातलाच उरलेला तुकडा. घड्याळाला चावी द्यायची राहून गेली होती.

वॉशिंग्टनने माहितीपत्रक बोटाने तिच्याकडे सरकवलं.

माफीचे शब्द जुन्या सवयीने ग्रिसेल्दाच्या ओठांपर्यंत आले. सॉरी, मी अशीच आहे, तुझंच खरं, घेऊन जा तिला. क्षणभर तिला वाटलं, म्हणून टाकावं, सुटेन एकदाची. मग ती उठली. गॅस बंद केला, पाणी मोरीत ओतलं, किटली नव्याने भरली आणि घड्याळाला पाच मिनिटांची चावी दिली.

"पाणी उकळलं," ती खोलीत येऊन म्हणाली. "दुसरं ठेवलंय. मी कुठपर्यंत आले होते? हां, दांडा."

मग दोन्या सुल्मांनी सुई झग्यात टोचून ठेवली.

"वॉशिंग्टन, लहानपणी किटली गॅसवर असताना मला कधी दुसऱ्या खोलीत पाहिलंस?"

"नाही. तू तिथेच उभी असायचीस, किटलीची मूठ धरून."

"कपड्यांच्या घड्या तिथेच. तुझे पाढे तिथेच. का?"

"तुझी शिस्त."

"कसली शिस्त? दारापर्यंत गेले तरी किटली डोक्यातून जायची. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सासूची जाळली. तिने जे ऐकवलं त्यानंतर मी जागची हलले नाही. पन्नासहून जास्त वर्षं." त्या लेकीकडे बघेनात, हातातल्या बटणाशी चाळा करत राहिल्या. "हिला मात्र पाखरं पाखरं म्हणत राहिले. पाणी ओतून दुसरं ठेवता येतं, हे मला कुणी सांगितलंच नाही."

ग्रिसेल्दाला आईचा रागही आला आणि आईची कीवही आली, दोन्ही एकदमच. तेवढ्यात गळ्यातलं घड्याळ वाजलं, आणि तिला बरंच वाटलं.

पाणी नेमकं गुणगुणत होतं. तिने ते थर्मासमध्ये भरलं. पहिला तुंबा पाजणाऱ्याचा, तो तिने स्वतः प्यायला. दुसरा वॉशिंग्टनला दिला. त्याने एक घोट घेतला, भुवया उंचावल्या आणि नळीचा आवाज होईपर्यंत प्यायला.

"चांगली झालीय," तो म्हणाला. मग मनगटावरच्या घड्याळाकडे पाहून उठला. "आभार, ग्रीस. सहाची बस आहे."

माहितीपत्रक त्याने उचललं, क्षणभर हातात धरलं आणि दोन्या सुल्मांच्या मांडीवर ठेवलं. "तूच ठरव आई. मंगळवारपर्यंत." बहिणीच्या खांद्यावर हात ठेवून तो बाहेर पडला. फाटकाची कडी वाजली.

ग्रिसेल्दाने तिसरा तुंबा भरून आईला दिला. दोन्या सुल्मा सावकाश प्यायल्या, खिडकीबाहेर बघत. माहितीपत्रकावर त्यांनी बटणांची डबी ठेवली होती. नळीतून शेवटचा घरघर आवाज आला. ग्रिसेल्दा त्यांच्या ओठांकडे बघत राहिली, आता कुठला शब्द येतो म्हणून.

दोन्या सुल्मांनी काही न बोलता तुंबा पुढे केला.

तिने तो घेतला आणि पाणी ओतलं.