वकिलांच्या गाडीचं ॲव्हरेज

काकतीला हायवेच्या सर्व्हिस रोडवर जयाबाईंचं टायरचं दुकान होतं. नवरा नागोजी मणक्याच्या दुखण्यानं घरी बसला, त्याला बारा वर्षं झाली होती. तेव्हापासून जॅक लावण्यापासून ते गिऱ्हाइकाला वाटेला लावण्यापर्यंत सगळं त्याच बघत. तरीही नवा माणूस आला की त्यांच्या डोक्यावरून आत बघायचा आणि विचारायचा, "मालक न्हाईत काय?" तेवढ्यावरून जयाबाई त्याच्या अकलेचा अंदाज बांधत. अंदाज सहसा चुकत नसे.

मार्चमध्ये शहरातल्या अनगोळ भागातले चिंतामणी वकील आले आणि त्यांनीही तेच विचारलं. गाडी लहान, पांढरी, जेमतेम वर्षाची. तिला त्यांना रुंद, उंच आणि ट्रॅक्टरसारख्या जाड नक्षीचे टायर घालायचे होते.

"जंगलातनं जाता काय?" जयाबाईंनी विचारलं.

"छे हो! कोर्टात जातो. पण गाडीला जरा भारदस्तपणा नको का?"

"हे बगा वकीलसायब, कंपनीनं हलकं टायर दिल्यात ते उगंच न्हाय. ह्यो जाड टायर वजनाला जड. रस्त्यावर दबत, घासत जाणार. गाडीला सारखा जोर लावाय लागणार. पेट्रोल लई खाईल."

वकील हसले. लहान पोराला समजवावं तसं म्हणाले, "बाई, पेट्रोल इंजिन खातं. टायर नाही."

"व्हय. आणि टायर कोण वढतंय? बैल?"

वकील गाडीत बसून निघून गेले. शहरातल्या एका चकचकीत दुकानातून त्यांनी हवे तसे टायर घातले, वर जड रिमसुद्धा बसवून घेतल्या. पुढं दोनदा ते हायवेनं गेले तेव्हा जयाबाईंना दिसले. म्हशीच्या खुरांवर शेळी उभी करावी तशी ती गाडी दिसत होती.

जूनमध्ये युवराज दुकानात येऊन बसला. तो त्यांच्याच गल्लीतला, जवळच्याच पंपावर अकरा वर्षं पेट्रोल सोडणारा, दोन पोरांचा बाप. दिवसाढवळ्या त्याला रिकामा बघून जयाबाईंनी हातातलं काम थांबवलं.

"आक्का, घरी बसवलं मला. एका वकिलानं लेखी तक्रार दिलीया, मी माप मारतो म्हणून. त्यांच्या गाडीचं ॲव्हरेज पडलंय म्हणं."

"माप घालून दाखवलं न्हाईस?"

"पाच लिटरचं सरकारी शिक्क्याचं माप काठोकाठ भरून दाखवलं की. तर म्हणाले, मापबी तुमचंच. मालक कागदाला भ्यालं."

"गाडी कसली?"

"पांढरी, बारकी. टायर मातुर रणगाड्याचं."

जयाबाई आधी हसल्या. मग त्यांना असा संताप आला की हातातला पाना त्यांनी फरशीवर आदळला. स्वतःच्या हौसेनं गाडीच्या पायात धोंडे बांधायचे, आणि चोर कोण, तर उन्हात उभा राहून दुसऱ्याच्या गाडीत पेट्रोल सोडणारा माणूस!

दुसऱ्या दिवशी त्या अनगोळला वकिलांच्या घरी गेल्या. वकिलांनी आधी कलमं ऐकवली. मग चहा घेऊन त्यांची बायको भैरवी बाहेर आली. ती शाळेत विज्ञान शिकवायची. "मी एप्रिलपासून हेच सांगतेय," ती म्हणाली. "टायर बदलले आणि पेट्रोल वाढलं." वकिलांनी तिच्याकडं असं बघितलं, जणू साक्षीदार फुटला.

"मग करून बगू," जयाबाई म्हणाल्या. "दोन रविवार. पंप तुमच्या पसंतीचा. टाकी फुल्ल करायची, निपाणीपतुर जाऊन यायचं, परत त्याच नळीनं फुल्ल करायची. एकदा ह्या टायरवर, एकदा जुन्या."

"आणि तो पंपवालाही चोर निघाला तर?"

"चोर असला तर दोन्ही रविवारी चोरच असंल की!"

भैरवी खळखळून हसली. वकिलांना माघार घेता येईना.

पहिल्या रविवारी कॅम्पातल्या पंपावर टाकी भरली. हवा जयाबाईंनी स्वतः तपासली आणि त्या वकिलांच्या शेजारी बसल्या. वाटभर वकील जिंकलेल्या खटल्यांविषयी बोलत होते. तवंदी घाटात टायरांच्या घरघरीत त्यांचा आवाज बुडाला, तेवढाच काय तो जयाबाईंना विसावा. परत येऊन टाकी भरली: नऊ लिटर. दुसऱ्या रविवारी जयाबाईंनी वकिलांच्या पार्किंगमध्ये रिमसकट पडलेले जुने टायर चढवले. तोच रस्ता, तोच वेग, तेच खटले. टाकी भरली: साडेसात.

वकिलांनी मीटरकडं वाकून बघितलं. मग एकदम त्यांचे डोळे चमकले. "थांबा! मोठ्या टायरवर मीटरनं एकशे सेहेचाळीस किलोमीटर दाखवले होते, आज दीडशे. अंतर कमी, म्हणून..."

"मग कमी अंतराला जास्त पेट्रोल कसं लागलं?" जयाबाई म्हणाल्या. "रस्ता कमी झाला न्हाय. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त जातं, मीटरला ते कळत न्हाय. त्यो फेरे मोजतोय."

"म्हणजे माझं ॲव्हरेज मला वाटलं तेवढं पडलंच नव्हतं!" वकील विजयी मुद्रेनं म्हणाले.

असा माणूस कोर्टात न्याय मागतो, याचं जयाबाईंना नवल वाटलं. "त्या न पडलेल्या ॲव्हरेजसाठी माणूस घरी बसलाय," त्या म्हणाल्या.

"मी मालकांना फोन करतो."

"फोन न्हाय. तक्रार लेखी दिलीसा, मागंबी लेखी घ्या. आणि युवराजच्या म्होरं."

वकिलांनी बायकोकडं बघितलं. भैरवीनं कागद आणि पेन पुढं केलं.

सोमवारी पंपाच्या ऑफिसात वकिलांनी तो कागद वाचला. "काही तांत्रिक कारणामुळे गैरसमज झाला..."

"तांत्रिक म्हंजे काय, ते सांगा," दारातून जयाबाई म्हणाल्या.

"टायर," वकील म्हणाले.

"कुणी घातलं हुतं?"

वकिलांनी कागदाची घडी घातली. "मी."

मालकाचा जीव भांड्यात पडला. युवराजला म्हणाला, "जा बाबा, उद्यापासनं ये."

"उद्या न्हाय," युवराज म्हणाला. वकिलांनी पुढं केलेला हात त्यानं पाहिलाही नाही. बाहेर गेला आणि रांगेत उभ्या असलेल्या रिक्षाच्या टाकीचं झाकण उघडलं.

पावसाळा संपता संपता एक तरुण वकील टायर घ्यायला जयाबाईंकडं आला. आपल्या गाडीला कंपनीच्याच मापाचे टायर हवेत, असं त्यानं बजावून सांगितलं. "रुंद टायरनं पेट्रोल वाढतं. आमच्या चिंतामणी सरांनी स्वतः दोन रविवार प्रयोग करून शोधून काढलंय. आता बार रूममध्ये सगळ्यांना समजावून सांगत असतात."

"असं व्हय," जयाबाई म्हणाल्या. टायरवरचे आकडे बघायला त्या त्याच्या गाडीपाशी खाली बसल्या. चेहरा तिकडं वळला होता ते बरं झालं.