सलूनच्या खुर्चीची नवी नोकरी

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो. खुर्ची म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पुढारी येतात, म्हणून आधीच सांगून टाकते, माझ्यासाठी आजवर कोणी भांडलेलं नाही. उलट मला बघून लहान मुलं भोकाड पसरतात. मी केस कापायची खुर्ची आहे.

एका कारखान्यात मला घडवलं. खाली लोखंडाचं गोल, जड बूड, पायाने दाबायचा पंप, मागे कलणारी पाठ आणि मान टेकायला छोटी उशी. मी वर होते, खाली होते, मागे कलते आणि गरगर फिरते. घरातल्या खुर्च्यांना यातलं एकही येत नाही. त्या बिचाऱ्या चार पायांवर मख्खासारख्या उभ्या असतात. हे मी गर्वाने सांगत नाही, पण सांगते.

माझी उमेदीची वर्षं बाजारातल्या एका सलूनमध्ये गेली. तिथे मी एक गोष्ट शिकले. बसणाऱ्याचं तोंड आरशाला दिसतं, मला फक्त पाठ कळते. पण तोंड थापा मारतं, पाठीला ते जमत नाही. "जरा बारीक करा, काही हरकत नाही," असं हसत सांगणाऱ्या नवरदेवाची पाठ कशी ताठरते, ते मला विचारा.

मग दुकानात नवी तकतकीत खुर्ची आली आणि माझी रवानगी भंगारात झाली. पुष्कळ दिवस मी एका गंजक्या कपाटाला टेकून उभी होते. कपाटाशी काय बोलणार? त्याचं दार मिटत नसे आणि तोंडही. तिथून मला एका मॅनेजरबाईंनी उचललं. त्या ज्येष्ठ नागरिकांची एक वसाहत चालवत. ज्यांची मुलं लांब आहेत, ज्यांना एकट्याने घर रेटवत नाही, असे आजी-आजोबा तिथे स्वतंत्र खोल्यांत राहत. जेवणाच्या हॉलशेजारी एक लहान खोली होती, तिथे मला बसवलं. आठवड्यातून दोनदा सलूनवाले दादा येत. ते केस कमी कापत आणि बातम्या जास्त पुरवत.

तिथेच माझी आणि मापसाहेबांची ओळख झाली. हे गृहस्थ वजनमाप खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांचे खोटे तराजू पकडण्यात सगळी नोकरी गेली. निवृत्त झाले, तरी सवय सुटेना. दुधाचा पेला समोर आला की आधी डोळ्यांजवळ नेऊन बघत, "बोटभर कमी आहे," म्हणत आणि मगच पीत. "मला आजवर कोणी फसवू शकलेलं नाही," हे वाक्य ते माझ्यात बसून दर वेळी एकदा तरी बोलत. त्यांच्या पत्नीला सगळे वहिनी म्हणत. वहिनी शेजारच्या स्टुलावर बसून गालात हसत.

पुढे वहिनी बाथरूममध्ये पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. त्यांना हॉलच्या पलीकडे शुश्रूषा विभागात हलवलं. मध्ये फक्त एक काचेचं दार. मापसाहेब दिवसभर त्या दारातून ये-जा करत आणि तिथल्या औषधांची मापं तपासून नर्सांना पिडत. आणि मग ती साथ आली. जगातली सगळी दारं बंद झाली, तसं तेही झालं.

सलूनवाले दादा यायचे थांबले. माझ्यावर चादर टाकली गेली. आजोबांचे केस मानेवर आले, आजींच्या केसांचा रंग उतरला. मापसाहेबांना दाढी आली आणि ते काचेच्या दाराशी उभे राहून पलीकडच्या वहिनींशी फोनवर बोलू लागले. हात काचेवर ठेवत. वसाहतीच्या सिस्टर रोज ती काच पुसत आणि रोज तिच्यावर दोन बाजूंनी दोन पंजे उमटत.

एक दिवस माझी चादर उडाली. सगळ्यांच्या नाकात काडी घालून तपासणी करायची होती, आणि मान मागे टेकेल अशी खुर्ची साऱ्या वसाहतीत माझ्याशिवाय कोणाकडे होती? मला ढकलत हॉलमध्ये आणलं. जिचा कुणी वाली नव्हता, तिला एका दिवसात वैद्यकीय खात्यात नोकरी लागली.

तपासनीस डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात गुंडाळलेले होते. पहिले आजोबा माझ्यात बसले, डोळे मिटले आणि सवयीने म्हणाले, "मागून बारीक. कानावरचे राहू द्या." काडी नाकात गेल्यावर त्यांना आपण कुठे आहोत ते कळलं. दुसऱ्या आजींनी दात काढून हातात घेतले. नाकाचा आणि दातांचा संबंध नाही असं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "असू दे, उगाच धक्का लागायला नको."

त्यात माझं एक दुखणं होतं. पंपातलं तेल झिरपत असल्यामुळे बसलेला माणूस हळूहळू खाली जाई. तपासनीस नाकाचा नेम धरत आणि नाक जागेवर राहत नसे. शेवटी तेही माझ्याबरोबर वाकत वाकत जमिनीला टेकले. त्या दिवशी हॉलमध्ये इतका गोंधळ झाला, रांगा अशा एकमेकींत घुसल्या, की मॅनेजरबाईंनी कपाळाला हात लावला.

म्हणून लस येणार असं कळताच त्यांनी ठरवलं, आधी रंगीत तालीम. "तिकडच्या विभागात तालीम नको," त्या माझ्यासमोरच सिस्टरना म्हणाल्या, "ते लोक आपापल्या पलंगावरच आहेत. इकडची वानरसेना आवरा." जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा झाल्या. नियम जाहीर झाला: ज्यांचे लसीचे डोस पूर्ण होतील, त्यांनाच काचेच्या दारातून आत सोडणार. माझा पंप तेवढा कोणी दुरुस्त केला नाही, पण माझ्या हातांच्या मुठी पुसल्या.

तालमीच्या दिवशी सिस्टरनी सगळ्यांना मोठ्याने समजावलं, "आज खरी लस नाही. मी पेनाचं टोपण दंडावर टेकवणार, तुम्ही उठून तिकडे थोडा वेळ बसायचं." सगळ्यांनी ऐकलं. मापसाहेबांनी मात्र ऐकलं नाही, कारण ते तेव्हा काचेच्या दाराशी फोन कानाला लावून उभे होते. त्यांची पाळी शेवटी आली. आले, बसले, बाही वर केली, मान भिंतीकडे वळवली आणि डोळे गच्च मिटले. त्यांची पाठ अशी थरथरत होती, की माझा एक स्क्रू वाजू लागला. खोटे तराजू पकडणारा हा माणूस सुईला घाबरत होता. टोपण टेकलं, कापूस लागला. "झालं?" त्यांनी विचारलं. "झालं," सिस्टर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मापसाहेबांना ताप आला. ताप म्हटल्यावर सगळ्यांची पाचावर धारण बसली. त्यांना खोलीत एकटं ठेवलं. पुन्हा माझ्यात बसवून नाकात काडी घातली. "काय काय होतंय?" सिस्टरनी विचारलं. "अंग मोडून आलंय, दंड ठणकतोय. होणारच. हे अपेक्षितच आहे," मापसाहेब शांतपणे म्हणाले. सिस्टरना वाटलं, माणूस किती समजूतदार आहे. तपासणीत काही निघालं नाही, ताप उतरला आणि सगळे ते विसरून गेले.

खऱ्या लसीचा दिवस आला. निळ्या थंड पेटीतून बाटल्या आल्या. वानरसेना खुणांवर शिस्तीत उभी होती. मी एकेकाला सांभाळून घेत होते. बघता बघता सगळे आटोपले आणि शेवटच्या उघड्या बाटलीत एकच डोस उरला. डॉक्टर घड्याळाकडे बघत म्हणाले, "उघडलेली बाटली ठेवता येत नाही. कोण राहिलंय? आमची पुढची फेरी कधी, ते मलाही माहीत नाही."

मापसाहेब राहिले होते. निरोप गेल्यावर आले, काठी टेकत माझ्यात बसले आणि म्हणाले, "मी फक्त सांगायला आलोय. माझं झालंय."

"कधी झालं?" सिस्टर म्हणाल्या.

"मागच्या आठवड्यात. याच खुर्चीत. तुम्हीच दिलंत. मग ताप नाही का आला मला?"

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. मग बाजूला बसलेले एक आजोबा फुटले. "अहो, ती तालीम होती! पेन होतं ते!" त्यांच्यामागे दुसरे, मग आजी, मग साक्षात मॅनेजरबाई. मास्क असले तरी हसू काही लपत नाही.

मित्रांनो, मलाही हसू आलं होतं. पण माझ्या पाठीला टेकलेली त्यांची पाठ लाकडासारखी झाली आणि माझं हसू पळालं. ज्याला कोणी कधी फसवलं नाही, त्याला त्याच्याच अंगाने चारचौघांत फसवलं होतं.

"पेनाने ताप येतो का?" ते म्हणाले. "म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"तसं नाही हो काका, भीतीनेसुद्धा कधी कधी—"

"भीती? मला?" त्यांनी माझ्या मुठी घट्ट धरल्या. "मी घेणार नाही. एकदा झालंय, पुन्हा घेणार नाही. लिहून देतो."

"अहो, मग त्या दारातून आत जाता यायचं नाही," मॅनेजरबाई म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या.

मापसाहेब काचेच्या दाराकडे बघत राहिले. मी हळूहळू खाली चालले होते आणि माझ्याबरोबर तेही. मला इतकं वाईट वाटत होतं, की जमलं असतं तर मी निदान तेवढा वेळ तरी वर थांबले असते. हट्ट सोडायचा तर आपण टोपणाला घाबरलो हे कबूल करावं लागणार, आणि धरायचा तर वहिनी काचेपलीकडेच राहणार. डॉक्टर पेटी आवरू लागले.

सिस्टर काचेच्या दाराकडे गेल्या, पलीकडच्या नर्सला खुणेने काहीतरी सांगितलं. थोड्या वेळाने काचेमागे वहिनींची चाकांची खुर्ची आली आणि मापसाहेबांचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येई, म्हणून फोन मोठ्या आवाजावरच असे.

"अहो, काय चाललंय? सगळे खोळंबलेत म्हणे."

"हे लोक म्हणतात, मला लस दिलीच नव्हती. नुसतं पेन लावलं."

काचेमागे वहिनींनी शेजारच्या नर्सकडे बघितलं. मग म्हणाल्या, "अगोबाई, तरीच. आमच्याकडेही तालीम झाली ना त्या दिवशी. मलाही ताप भरला होता. दोन दिवस डोकं वर काढलं नाही. तुम्ही काळजी कराल म्हणून बोलले नाही."

"तुलाही?"

"नाही तर काय. आज खरी घेतली, तर काही झालं नाही बघा."

मापसाहेबांनी फोन बाजूला धरला आणि सिस्टरकडे बघितलं. "तिकडे तालीम झाली होती?"

सिस्टर कापसाच्या डबीत काहीतरी शोधू लागल्या. "झाली... असेल की. झाली."

त्यांनी सिस्टरकडे नुसतं बघितलं. दुकानदार तराजूखाली चिंच चिकटवून उभा असेल, तर त्याच्याकडे ते असंच बघत असतील. मग त्यांच्या पोटातून काहीतरी हललं आणि माझा स्क्रू पुन्हा वाजला. या वेळी ती भीती नव्हती, ते हसत होते. आवाज न करता, खांदे हलवत. ताठ पाठ सैल झाली आणि माझ्यावर विसावली. खोटं माप त्यांनी ओळखलं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा ते पास केलं होतं.

"दोघांनाही एकदम ताप," ते हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, "म्हणजे दोष पेनातच आहे. ते पेन वापरातून काढा."

"काढते," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी खरोखर ते पेन पाकिटात घालून पाकीट चिकटवलं. कोणी हसलं नाही.

"आणि काय ते टोचा लवकर. बाटली उघडी आहे." मग फोन तोंडाशी नेऊन हलक्या आवाजात, "अगं, तुला अजून थाप मारता येत नाही. पण असू दे."

सुई गेली. त्यांनी भिंतीकडे बघितलं नाही, काचेकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी ताप नाही, कणकण नाही. मापसाहेब तक्रार घेऊन हजर: "काहीच झालं नाही. लस खरी होती ना?"

दुसरा डोसही झाला, त्यानंतर थांबायचे दिवसही सरले. दार उघडायच्या सकाळी मापसाहेब हॉलमध्ये सगळ्यांच्या आधी आले. नवा शर्ट, विंचरलेली दाढी. दार उघडलं. सिस्टर म्हणाल्या, "चला काका, वहिनी वाट बघताहेत."

ते दोन पावलं चालले, थबकले आणि मागे येऊन माझ्यात बसले. सुई नव्हती, काडी नव्हती, तरी पाठ थरथरत होती. इतक्या महिन्यांनी भेटायचं म्हणजे काही सोपं नसतं.

"काका, चला ना," मॅनेजरबाई म्हणाल्या.

"जातो हो," ते म्हणाले. "जरा बसू द्या."

सिस्टरनी मॅनेजरबाईंना हातानेच थांबवलं. सगळे दोन पावलं मागे सरले. मापसाहेब बसून राहिले, मी त्यांच्यासह हळूहळू खाली गेले आणि पाय जमिनीला नीट टेकल्यावर ते माझ्या मुठी धरून आपले आपण उठले. मग त्या दारातून आत गेले.

मित्रांनो, माझ्या पंपात तेल घाला, मला भंगारात टाकू नका, हे तर मी सांगणारच. पण त्याहून मोठं मागणं दुसरं आहे. तुमच्या घरात कोणी म्हातारं माणूस निघता निघता मध्येच बसलं, तर "चला, उठा, उशीर होतोय," म्हणून त्याच्या मागे लागू नका. त्याला थोडं बसू द्या. ते उठतं.