न वाळणारा लेप

मित्रांनो, मला पाहून खरे मासे फसतात, म्हणून आधीच सांगतो: मी लाकडाचा आहे. दोरीला बांधून तळ्यात सोडायचा, बोटभर लांबीचा खोटा मासा. आता म्हातारा झालो आहे.

माझा जन्म २००३ सालच्या ऑक्टोबरात अमेरिकेत, रेडमंडला झाला. पुरुषोत्तमकाकांनी कुंपणाच्या सीडर लाकडाच्या जुन्या फळीतून मला कोरलं. तीस वर्षं इंजिनिअरची नोकरी करून ते नुकतेच निवृत्त झाले होते आणि स्वस्थ बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. गराजमध्ये ते येरझाऱ्या घालत, रेडिओ लावत, बंद करत, पुन्हा मला उचलून पाहत. पाठीला हिरवा, पोटाला रुपेरी रंग देऊन झाला. राहिला फक्त इपॉक्सीचा लेप. दोन बाटल्यांतले दोन द्रव अगदी समसमान मिसळून ब्रशने लावायचे. वाळल्यावर अंगावर जणू काच चढते आणि लाकडात पाणी शिरत नाही.

पहिल्या लेपात बुडबुडे राहिले, कारण काकांनी तो घाईघाईने ढवळला होता. त्यांनी मला घासून काढलं. दुसऱ्याला बारीक खळगे पडले. बोटांचं तेल माझ्या अंगाला लागलं होतं. पुन्हा घासलं. तिसरा मात्र वाळेचना. लेप ओघळू नये म्हणून बार्बेक्यूच्या जुन्या मोटरवर मी दोन दिवस गोल फिरत होतो, तरी अंग चिकटच. चौथाही तसाच. काकांनी पावसाला दोष दिला, बाटल्या बदलल्या, हीटर आणला. मला ओढ होती पाण्याची, आणि नशिबी हे फिरणं.

पाचव्या वेळी उल्काकाकू तांदळाची पिशवी न्यायला गराजमध्ये आल्या आणि दारातच थबकल्या. काका मापाच्या पेल्यात हार्डनर, म्हणजे लेप कडक करणारा दुसरा द्रव, ओतत होते. त्यांचा उजवा हात थरथरत होता आणि द्रव रेघेच्या वर जात होता.

"पावसाचा दोष नाही हो," काकू म्हणाल्या. "माप चुकतंय. तुमचा हात हलतोय."

"थंडी आहे."

"जूनमध्येही हलत होता."

काकांनी मला खोक्यात टाकलं आणि झाकण लावलं. अंगाला धूळ चिकटवून घेत मी तिथे तीन आठवडे तळमळत पडलो होतो. घरातलं बोलणं भिंतीआडून कानावर येई. काकूंनी घेतलेली डॉक्टरांची अपॉइंटमेंट काकांनी दोनदा कॅन्सल केली. दुसऱ्यांदा काकू भांडल्या नाहीत, नुसत्या जेवायच्या थांबल्या.

मग एका दुपारी त्यांनीच झाकण उघडलं. काकांनाही हाताला धरून आणलं होतं.

"ओतायचं काम माझं," त्या म्हणाल्या. "गुरुवारी डॉक्टरांकडे यायचं काम तुमचं."

काकांनी मला उचलून माझ्या चिकट पाठीवरून अंगठा फिरवला. "नाव कळलं की ते खरं होईल, उल्का."

"नाव नाही, तरी ते आहेच ना."

त्या दिवशी काकू शिकल्या. चिकट थर खरवडून, बारीक पॉलिश पेपरने घासून, स्पिरिटने पुसून त्यांनी मला कोरडं केलं. हातमोजे घातले, दोन्ही द्रव रेघेपर्यंत ओतले, सावकाश ढवळले आणि ब्रशने माझ्या अंगावर लावले. हेअर ड्रायरची जराशी ऊब दिली तसे बुडबुडे फुटून गेले. काका मागून सारखे सांगत होते, अजून पातळ, अजून हळू. इतका उतावळा माणूस दुसऱ्याला हळू व्हायला सांगत होता.

सकाळी माझ्या अंगावर खिडकी दिसत होती, चौकटीसकट.

गुरुवारी ते गेले. आजाराचं नाव पार्किन्सन्स निघालं. परतल्यावर काका गाडीतून उतरेनात. काकू आत आल्या, मला आणि गळाची काठी घेऊन परत गेल्या, आणि स्वतः ड्राइव्ह करत थेट तळ्यावर निघाल्या. तिथे काकांनी मला फेकलं. हात हलला, नेम चुकला, पण मी पाण्यात पडलो आणि पहिल्यांदाच खरोखर पोहलो. मासा मिळाला नाही. अंधार पडेपर्यंत दोघं काठावर बसून होती, आणि काका एकदाही उठून फिरले नाहीत.

त्याला पाच वर्षं झाली. मी पुष्कळ ट्राउट मासे पकडून दिले, दगडांवरही आपटलो. मित्रांनो, एवढंच मागणं आहे. आमच्या कातडीला चरा गेला, तर तो लहान असतानाच बघा आणि बुजवा. पाणी गुपचूप शिरतं, आत लाकूड फुगतं, आणि वरून आम्ही कितीतरी दिवस छान चमकत राहतो.