जांभळा उजेड

"पुन्हा राख, न्ताते," थाकाने म्हणाली आणि तिने कागदाची पुडी ओबेदच्या टेबलावर उलगडली.

पाचव्या नळीचे तुकडे होते. पाच आठवडे भट्टीत राहिलेल्या त्या काचनळीत चांदीसारखे लखलखीत स्फटिक असायला हवे होते. ओबेद मोखात्लेने वाकून पाहिलं. त्याला काहीतरी करडं दिसलं. पण हल्ली त्याला बरंच काही करडंच दिसायचं. त्याने बोटाने चाचपलं. भुगा होता.

"भारनियमनात भट्टी बंद पडली असेल."

"एकदाही नाही. नोंद तपासली ना मी. जनरेटर दर वेळी लागला." ती स्टुलावर बसली. "प्रोफेसर नायकर म्हणतात, माझे हातच घाणेरडे आहेत."

"असं म्हणाल्या?"

"गोड शब्दांत म्हणाल्या. मग जास्त लागतं."

थाकाने ही शेजारच्या लेसोथो देशाच्या डोंगरातून जोहान्सबर्गला प्रोफेसर नायकरांच्या हाताखाली शिकायला आलेली, तेवीस वर्षांची मुलगी. ओबेदला ती आपल्या भाषेत न्ताते, म्हणजे बाबा, म्हणायची. विद्यापीठाच्या तळघरातल्या या काचशाळेत तिचं दोन वर्षं येणंजाणं होतं. सीरियम आणि आणखी दोन धातूंचं ठरलेलं मिश्रण ती तोलून आणायची, ओबेद ते क्वार्ट्झच्या नळीत भरायचा, पंपाने आतली हवा ओढून घ्यायचा आणि ज्योतीवर नळीची मान वितळवून तोंड बंद करायचा. त्या धातूत म्हणे इलेक्ट्रॉन हजारपट जड होतात. कसे, ते तिने त्याला एकदा सांगितलं होतं.

"महिनाअखेरच्या शुक्रवारी टॅक्सीच्या तळावर तुम्ही दोन पावलं टाकून बघा, न्ताते. तुम्ही हलायचं तर शेजारचा हलायला हवा, तो हलायचा तर त्याच्या शेजारचा. वजन तुमचं तेवढंच, पण गर्दीच तुमच्या अंगावर चढते. थंडीत या इलेक्ट्रॉनांचं तसंच होतं."

"आणि नळीत हवा शिरली तर?"

"तर सीरियम गंजून जातं. मग तळ नाही, गर्दी नाही. नुसती राख."

ओबेदला ते लगेच पटलं होतं. एकतीस वर्षं तो तळावरच्या गर्दीतूनच कामाला येत होता.

काचकाम त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तो लागला तेव्हा काळ्या माणसाला कारागीर म्हणून घेत नसत. तो फरशी पुसायला होता. गोरा काचकारागीर ज्योतीसमोर बसे आणि ओबेद त्याच्या पाठीमागे उभा राहून बघे. कारागिराच्या डोळ्यांना काळा चष्मा होता. ओबेदला चष्मा कोण देणार? पुढे काळ पालटला, गोरा निवृत्त झाला, खुर्ची ओबेदला मिळाली. चष्माही मिळाला, पण तोवर उघड्या डोळ्यांनी क्वार्ट्झच्या ज्योती भरपूर बघून झाल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी सरकारी दवाखान्यातल्या नर्सने टॉर्च मारून सांगितलं होतं, "बाबा, मोतीबिंदू. डोळ्यांत पिवळी काच बसवल्यासारखं झालंय." ऑपरेशनची तारीख अजून आली नव्हती. ओबेदने कामावर कुणाला सांगितलं नाही. नळी त्याच्या बोटांना दिसत होती. काच कधी मऊ झाली हे त्याला ज्योतीच्या आवाजावरून कळे. मग कशाला सांगायचं?

काचशाळेत त्याचा एक नियम होता, तोही त्या गोऱ्याकडूनच उचललेला: ज्योत पेटली की तोंड बंद. नळी बंद होऊन तपासून हातात पडेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. तपासणी सोपी होती. दिवे घालवायचे आणि ठिणगी पाडणारा दांडा नळीजवळ न्यायचा. नळी अंधारी राहिली की आत हवा नाही. मग दिवे लावायचे, "झालं" म्हणायचं आणि नळी द्यायची. थाकानेच्या पाचही नळ्या अंधाऱ्या दिसल्या होत्या. पाचही वेळा तो "झालं" म्हणाला होता.

आज दोन वाजता वर चौथ्या मजल्यावर समिती बसणार होती. थाकानेची शिष्यवृत्ती पुढे चालू ठेवायची की तिला घरी पाठवायचं, एवढाच विषय.

"तुमच्यासाठी आणल्यात." तिने माग्विन्यांची, पिठाच्या तळलेल्या गोळ्यांची, पिशवी पुढे सरकवली. "आज निरोपाच्याच समजा."

"अगं, अजून ठरलंय कुठे?"

"ठरलंय हो. दाखवायला राख आहे नुसती." ती हसायला गेली आणि तिला जमलं नाही. "एक सांगू? मला इथली एकच गोष्ट आठवणार आहे. तुम्ही दिवे घालवता ना, आणि दांडा लावल्यावर नळी जी जांभळी उजळते. आईला फोनवर सांगितलं होतं मी. म्हटलं, तुझ्या लेकीच्या नळीत जकरंडा फुलतो."

ओबेदच्या हातातली माग्विन्या तशीच राहिली.

"कुठली नळी?"

"सगळ्याच. पाचही."

"जांभळी?"

"हो. म्हणजे हवा निघाली ना? शाळेत शिकवलं होतं, हवा काढल्याशिवाय अशी चमक येत नाही."

शाळेत अर्धंच शिकवलं होतं. बरीचशी हवा काढल्याशिवाय चमक येत नाही हे खरं; पण उरलीसुरली हवा असते म्हणूनच ती येते. ओबेदला स्वतःची मुलगी आठवली. गेल्याच महिन्यात तो तिला म्हणाला होता, "यंदा जकरंडा काही फुलला नाही." ती हसली होती. "बाबा, अख्खा रस्ता जांभळा झालाय!" त्याला वाटलं होतं, थट्टा करते.

तो उठला. एक जुनी नळी पंपाला लावली, थोडी हवा मुद्दाम राहू दिली, दिवे घालवले आणि दांडा जवळ नेला.

"काय दिसतंय?"

"जांभळं. छान दिसतंय."

"मला अंधार दिसतोय, पोरी," ओबेद म्हणाला.

तिला समजायला थोडा वेळ लागला. ओबेदने दिवे लावले तेव्हा ती उभी होती.

"सात महिने," ती म्हणाली. "सात महिने मी माझ्या हातांना शिव्या घातल्या, न्ताते. साबणाने कातडी सोलून निघाली माझी. आणि तुम्ही आंधळे होतात?"

"आंधळा नाही गं—"

"मग काय?"

दाराशी जाऊन ती थांबली. "मी काही बोलणार नाही वरती. म्हणतील, नापास झाली आणि म्हाताऱ्यावर ढकलते."

ती गेली. ओबेद बसून राहिला. निवृत्तीला चार वर्षं होती. तो गप्प बसला असता तर कुणालाही, कधीही कळलं नसतं. पोरगी घरी गेली असती आणि नळ्या बंद होत राहिल्या असत्या, दुसऱ्या कुणाच्या तरी. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि भीतीही वाटली, दोन्ही सारखीच. पावणेदोनला भारनियमन सुरू झालं, लिफ्ट बंद पडली. तो कठड्याला हात लावून चौथ्या मजल्यापर्यंत चढला.

समितीच्या खोलीत खिडकीतून येईल तेवढाच उजेड होता. त्याला नुसते आकार दिसले. एक आकार थाकानेचा होता.

"ओबेद?" प्रोफेसर नायकरांचा आवाज. "काय झालं?"

"नळ्या गळत होत्या, मॅडम. पाचही. मला जांभळं दिसत नाही. हिचे हात स्वच्छ आहेत."

एक खुर्ची करकरली.

"तुम्ही आधी का सांगितलं नाहीत?" नायकर म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि ते त्याला जास्त लागलं.

"सांगितलं असतं तर ज्योत गेली असती."

अध्यक्षांनी कागद चाळले. त्यांनी सहानुभूती दाखवली, खूपच दाखवली. पण मुदतवाढीच्या अर्जात कारणांचे रकाने ठरलेले होते. वीज गेली तर रकाना होता, यंत्र बिघडलं तर होता. कारागिराच्या डोळ्यांसाठी नव्हता. शिवाय जागा मागच्याच आठवड्यात दुसऱ्या मुलाला दिलेली होती. आजची बैठक फक्त सहीसाठी होती. नायकर दोनदा भांडल्या. तिसऱ्यांदा त्यांनी सही केली आणि पेन खाली ठेवलं.

ओबेदला ज्योतीवर बसायची बंदी झाली, येत्या सोमवारपासून.

शुक्रवारी सकाळी थाकाने काचशाळेत आली. तिची घरची, मासेरूची बस दुपारची होती. तिने तोललेल्या धातूंची डबी त्याच्यासमोर ठेवली. ओबेदने ज्योत पेटवली.

"आज बोलायचं," तो म्हणाला.

नळीची मान वितळली, मिटली. त्याने दिवे घालवले.

"जांभळं," थाकाने म्हणाली.

त्याने नळी पुन्हा पंपावर घेतली, मान तापवली, भोक बोटांनी नाही, तिच्या आवाजाने शोधलं. "वर. अजून वर. डावीकडे." पुन्हा अंधार केला.

"फिकट जांभळं."

तिसऱ्यांदा ती काही बोलेना.

"सांग की."

"अंधार आहे, न्ताते."

"नक्की?"

"काहीच दिसत नाही. काहीच."

ती रडत होती. ओबेदने चाचपत तिचा हात शोधला, सोललेल्या कातडीचा तो हात, आणि नळी तिच्या तळव्यावर ठेवली. "माफ कर" असं त्याला म्हणायचं होतं. तो "झालं" म्हणाला. तिने नळी भट्टीत ठेवली आणि बस गाठायला गेली.

पाच आठवड्यांनी प्रोफेसर नायकरांनी त्याला भांडारातून बोलावून घेतलं. आता तो तिथे खोकी मोजायचा. त्यांनी त्याच्या तळहातावर काहीतरी ठेवलं, मुगाच्या दाण्याएवढं. त्याने अंगठा फिरवला. सपाट, गार बाजू लागली, मग धार, मग दुसरी सपाट बाजू.

"चमकतंय?"

"आरशासारखं." त्या थांबल्या. "मी थाकानेला तीनदा फोन केला. कपड्यांच्या कारखान्यात लागलीय ती. लागल्यापासून फोन उचलत नाही."

ओबेदने दाणा परत दिला. नायकरांनी तो छोट्या डबीत ठेवला.

"डबीवर काय लिहिलंत, मॅडम?"

"अजून काही नाही. आता मापन नवा मुलगा करणार आहे."

"ज्याने स्फटिक वाढवला त्याचं नाव लिहितात. पहिल्यापासून तशी पद्धत आहे."

त्यांनी पेन काढलं. ओबेद ते कागदावर घासल्याचा आवाज ऐकत उभा राहिला.

"वाचून दाखवा," तो म्हणाला.

"थाकाने मोलापो. नळी सहावी."

त्याने मान हलवली, टोपी घातली आणि कठडा धरून खाली खोक्यांकडे गेला.